ओढायची पट्टी

दसरा झाला की पुरसू तांडेल वडगावात येतो,
टेम्पोत बारा जॅकेटं घालून.
मूळचा माजाळीचा. आता हिडकलच्या पाण्यावर
पोरांना कयाक शिकवतो,
आणि थंडी पडली की त्यांना कारवारला नेतो, खऱ्या पाण्यात.

मी शिवणारीण. ब्लाऊज, फॉल, शाळेचे गणवेश.
समुद्र पाहिला तो दोनदा, चपला हातात धरून.
पण तिथं काय काय होतं ते मला शिवणीवरून कळतं.
खांद्याची शिवण उसवली म्हणजे कुणीतरी कुणाला
तिथं धरून वर ओढलंय.
बक्कल चिरलं म्हणजे कुणी जॅकेटावर बसून डबा खाल्लाय.
सुती दोरा मिठानं कुजतो. पहिल्या वर्षी मी तोच घातला होता.
पुरसू काही बोलला नाही.
दोन बोटांनी अख्खा पट्टा उपटला
आणि माझ्या हातात ठेवला.
तेव्हापासून नायलॉन, आणि उलटसुलट चार टीपा.

यंदा तेरावं जॅकेट आलं. आत पेनानं नाव : गौतमी.
माझी.

घालायला लावलं तिला, इथंच, मशीनसमोर.
सगळे पट्टे आवळले, मग दोन्ही खांदे धरून उचललं.
कानांच्या वर गेलं तर ते जॅकेट नव्हे, नुसती टोपी.
हनुवटीशी अडलं.
"आई, श्वास तरी घेऊ दे की."
घे. इथं घे.

शिट्टी खिशात नको. गळ्याजवळ, दोरीनं बांधलेली.
या शहरात पाट्यांवरून भांडणं झाली,
कुठलं अक्षर वर, कुठलं खाली, यावरून दगड आले.
शिट्टीला बाराखडी नाही.
तीनदा फुंकली की मराठीला कळतं, कन्नडला कळतं,
माजाळीच्या कोकणीला तर आधीच कळलेलं असतं.

मग ते कापडी झाकण, कमरेभोवतीचं,
पाणी आत येऊ न देणारं.
त्याला पुढं एक पट्टी असते. ओढायची.
ती आत दुमडून राहिली
आणि नाव उलटली, तर
डोकं खाली, पाणी नाकात, हात चाचपडतायत,
आणि कापड आपलं काम चोख करत राहतं.
म्हणून मी ती लाल लावली, रुंद,
टोकाला गाठ, डोळे मिटले तरी बोटांना दिसेल अशी.
"पहिला धडा उलटायचा," पुरसू म्हणाला होता,
"वल्हं मग."

रात्री झोपता झोपता गौतमी भूगोल बोलली :
दिवसा खारे वारे, रात्री मतलई.
मीही पाठ केलं होतं, याच गल्लीत, मागांच्या खडखडाटात,
समुद्रापासून एवढ्या घाटांवर, पाच मार्कांसाठी.
कुणी सांगितलं नव्हतं की मतलई सकाळीही रेंगाळतो,
पाठीवर हळूच हात ठेवतो,
आणि जाताना वाटतं, काय छान वल्हवतोय आपण.
वळल्यावर कळतं, ते आपण नव्हतोच.

शनिवारी निघताना तिनं कागद लिहून दिला.
सुईशेजारी दाबून ठेवला मी.
किती जण, कुठून कुठं, कुठल्या रंगाच्या नावा.
चारला काठावर. साडेचारला फोन.
नाही आला तर हा नंबर, मग हा,
आणि खाली दोन रेघा ओढून : वाट बघत बसायचं नाही.

साडेचार.
दोन फॉल लावले, एक उसवला.
चार पस्तीस.
नंबर लावायला फोन उचलला, तो हातातच वाजला.
मागं वारा, हसणं, कुणीतरी कन्नडमध्ये ओरडतंय.
"आई, उलटले. दोनदा."
लागलं का, जेवलीस का, काही सुचलं नाही.
"पट्टी हाताला आली?"
"आली. पहिल्यांदा शोधावी लागली."

मी खडू घेतला.
गाठ अजून मोठी हवी.